‘ऑन’चे अर्थ किती? एका जुन्या प्रश्नाचा आढावा

टेबलावर कप असतो, छताला पंखा असतो आणि बोटात अंगठी असते. मराठी माणूस या तीन गोष्टी सांगताना ‘वर’, ‘ला’ आणि ‘त’ असे तीन वेगळे शब्दांश वापरतो. इंग्रजी तिन्ही ठिकाणी एकच ‘ऑन’ वापरते. कोलकात्यातला बंगाली माणूस ‘टेबिले’, ‘सिलिङे’, ‘आङुले’ असे म्हणून एकाच ‘ए’ने तिन्ही साधतो, आणि तोच ‘ए’ तो ‘घरे’ म्हणजे ‘घरात’ या अर्थीही वापरतो.

मग ‘ऑन’चे अर्थ किती समजायचे? मराठीत तीन शब्दांश लागले म्हणून तीन? शब्दकोशात क्रमांक टाकून दिलेले डझनावारी? की अर्थ एकच आणि बाकीचे सारे वाक्यातल्या इतर शब्दांचे देणे? वरवर व्याकरणाच्या तासापुरता वाटणारा हा प्रश्न अर्थ म्हणजे काय, तो कुठे राहतो आणि भाषा माणसाच्या नजरेला कशी घडवते, इथपर्यंत जातो. या वादाचा काही भाग कोलकाता आणि त्याच्या परिसरात घडला आहे. मराठी व्याकरणाचे एक आरंभीचे छापील पुस्तकही तिथूनच आले.

वादाची पार्श्वभूमी

या प्रश्नाचे सर्वांत जुने भारतीय रूप यास्काच्या निरुक्तात सापडते. उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो का, यावर तिथे दोन मते नोंदली आहेत. शाकटायनाच्या मते उपसर्ग एकटे काढून ठेवले तर ते अर्थ सांगत नाहीत. नाम आणि क्रियापद यांच्यात असलेला अर्थ ते उजळतात. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे निरनिराळे अर्थ असतात. पुढे वैयाकरण आणि नैयायिक यांच्यात हाच वाद ‘द्योतक’ की ‘वाचक’ या शब्दांत रंगला. दिवा वस्तू दाखवतो, निर्माण करत नाही, तसे हे शब्द द्योतक आहेत, की इतर शब्दांप्रमाणे तेही आपला अर्थ थेट सांगतात?

पाणिनीने अधिकरणाची, म्हणजे क्रियेच्या ठिकाणाची, व्याख्या ‘आधार’ या एका शब्दात केली. पण परंपरेने त्या आधाराचे तीन प्रकार केले. चटईवर बसलेला माणूस तिच्या एका भागाला टेकलेला असतो, तो औपश्लेषिक आधार. तिळात तेल सर्वत्र भिनलेले असते, तो अभिव्यापक. मोक्षाच्या ठिकाणी इच्छा असते, तो वैषयिक. संस्कृतात तिन्हींसाठी एकच सप्तमी आहे. म्हणजे नाव एक, व्यापक अर्थ एक आणि त्याच्या पोटात भेद, अशी ही मांडणी आहे. आजच्या भाषाशास्त्रातल्या काही भूमिका तिच्या बऱ्याच जवळ येतात.

कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठीच वसलेले नवद्वीप हे नव्यन्याय या तर्कपरंपरेचे मोठे पीठ होते. सतराव्या शतकात तिथल्या गदाधर भट्टाचार्यांनी ‘व्युत्पत्तिवाद’ हा ग्रंथ लिहिला. विभक्तिप्रत्ययाचा अर्थ नेमका काय आणि तो वाक्याच्या एकूण बोधात कसा मिसळतो, याची त्यातली छाननी आजही थक्क करते.

युरोपात जॉन लॉकने १६९० च्या आपल्या निबंधात अव्ययांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि या छोट्या शब्दांकडे फार दुर्लक्ष झाल्याचे नोंदवले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अशा शब्दांचे अर्थ नियमात बसवणे किती अवघड आहे हे सांगितले. १७८६ मध्ये हॉर्न टूकने उलट टोक गाठले. ही अव्यये मुळात नामांची आणि क्रियापदांची झिजलेली रूपे आहेत, म्हणून प्रत्येकाचा मूळ अर्थ एकच, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या बऱ्याच व्युत्पत्ती टिकल्या नाहीत, पण ‘एक शब्द, एक अर्थ’ हा आग्रह पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला.

श्रीरामपूर, फोर्ट विल्यम आणि मराठी

१८०० मध्ये कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना देशी भाषा शिकवणे हा त्याचा हेतू होता. तिथे शिकवणाऱ्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले. १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते. या कामात त्याला कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. १८११ मध्ये मराठी नवा करारही तिथूनच आला.

शिकणाऱ्याच्या डोक्यात ‘ऑन’ आणि ‘इन’ आहेत आणि समोरच्या भाषेत ‘वर’, ‘ला’, ‘त’, ‘ई’ आहेत. यांची सांगड घालायची कशी, हा प्रश्न कॅरीच्या विद्यार्थ्यांपुढे रोज उभा राहत असणार. शब्दाला शब्द लावून ही सांगड बसत नाही, हे शिकवणाऱ्यालाही लवकरच कळते.

मराठी व्याकरणकारांनी पुढे हा प्रश्न आतून हाताळला. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले आणि संस्कृतच्या धर्तीवरची विभक्तीची मांडणी शाळाशाळांतून रुजली. त्या मांडणीत ‘ला’ द्वितीया-चतुर्थीचा, ‘त, ई, आ’ सप्तमीचे आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय. म्हणजे टेबलावरचा कप, छताचा पंखा आणि बोटातली अंगठी यांची नाती व्याकरणाच्या तीन वेगळ्या कप्प्यांत गेली. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त विभक्ती रूपावरून ठरवायची की अर्थावरून, याची सविस्तर चर्चा केली. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांच्या ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) या ग्रंथातून दिसते की हा वाद मिटलेला नाही. ‘पंखा छताला आहे’ या वाक्यात कोणी कोणाला काही देत नाही, कोणी कर्मही नाही. मग हा ‘ला’ चतुर्थीचा म्हणायचा की सप्तमीच्या अर्थाचा?

बंगालीतही असेच मंथन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगीय साहित्य परिषदेच्या वर्तुळात हरप्रसाद शास्त्री, रवींद्रनाथ ठाकूर आणि रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांनी बंगालीचे व्याकरण संस्कृतच्या साच्यातून सोडवण्याची निकड मांडली. सुनीतिकुमार चॅटर्जींच्या १९२६ च्या ग्रंथात बंगाली प्रत्ययांचा इतिहास आला. त्याआधी १९०५ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड कोलकात्यातच छापला गेला होता.

पहिली भूमिका : अर्थ अनेक, जाळे एक

आधुनिक वादाला तोंड फुटले ते ‘ऑन’च्या शेजारच्या ‘ओव्हर’ या शब्दावरून. १९८१ मध्ये क्लॉडिया ब्रुगमनने बर्कलीत या एका शब्दावर प्रबंध लिहिला. जॉर्ज लेकॉफने १९८७ च्या आपल्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला. त्याचे म्हणणे असे : अशा शब्दाचे अर्थ विस्कळीत नसतात, पण ते एका व्याख्येतही मावत नाहीत. मध्यभागी एक ठळक अर्थ असतो, त्याला जोडून दुसरा, दुसऱ्याला जोडून तिसरा, असे वर्तुळ पसरत जाते. टोकाच्या दोन अर्थांत थेट साम्य नसले तरी मधल्या दुव्यांनी ते जोडलेले असतात. हुगळीवर हावडा पूल आहे. त्या पुलावरून माणूस पलीकडे जातो. पलीकडे गेले की प्रवास संपतो. म्हणून ‘वरती’ सांगणारा ‘ओव्हर’ पुढे ‘संपले’ असेही सांगतो.

‘ऑन’बाबत बाइटेल, गिब्ज आणि सँडर्स यांनी २००१ मध्ये अशीच मांडणी केली. आधार, दाब, अडसर, झाकणे आणि दिसणे अशा अंगानुभवातून आलेल्या आकृतिबंधांशी या शब्दाचे अमूर्त उपयोग जोडता येतात, असे त्यांना दिसले. एखाद्यावर जबाबदारी ‘येते’ तेव्हा तिचे ओझे जाणवते. मराठी ‘वर’ही इथे तसाच वागतो.

या भूमिकेचे बळ हे की एका शब्दाला इतके उपयोग का, याचे कारण ती देते. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा की जाळ्यात किती गाठी धरायच्या याला मोजमाप नाही. लेकॉफच्या जाळ्यात ‘ओव्हर’चे वीसहून अधिक अर्थ होते. अँड्रिया टायलर आणि विवियन इव्हान्स यांनी २००१ मध्ये कसोट्या कडक केल्या तेव्हा संख्या पंधराच्या आसपास आली. संदर्भातून सहज काढता येणारा अर्थ स्वतंत्र धरू नये, ही त्यांची मुख्य कसोटी होती.

दुसरी भूमिका : अर्थ एक, बाकी संदर्भ

चार्ल्स रूलने १९८९ मध्ये एकार्थवादाची बाजू मांडली. एका शब्दाला एकच व्यापक अर्थ आहे, इथून सुरुवात करावी आणि पुरावा भाग पाडेल तेव्हाच दुसरा अर्थ मानावा, असे त्याचे सांगणे आहे. ‘टेबलावर कप’ आणि ‘भिंतीवर माशी’ यांत ‘वर’ बदलत नाही. टेबल आडवे आणि भिंत उभी असते एवढेच. तो फरक नामांनी आणला, त्याचे श्रेय अव्ययाला का द्यावे? शाकटायनाचे मत इथे नव्या रूपात भेटते.

ही भूमिका आटोपशीर आहे. तिची अडचण वेगळी आहे. सर्व उपयोग सामावून घेईल इतका अर्थ व्यापक केला की तो इतका पातळ होतो की ‘ऑन’ला ‘इन’ आणि ‘अ‍ॅट’ यांपासून वेगळे ओळखता येत नाही. शिवाय मराठी मुलाला ‘ऑन’चा एक व्यापक अर्थ सांगून तो ‘सोमवारी’ आणि ‘पाच तारखेला’ या दोन्हींसाठी ‘ऑन’ योजायला शिकेल, असे होत नाही.

तिसरी भूमिका : आकारापेक्षा कार्य

पहिल्या दोन्ही पक्षांनी स्थळाचे चित्र मुख्यतः आकारातून पाहिले. १९८६ मध्ये अ‍ॅनेट हर्स्कोविट्सने आणि त्याच वर्षी फ्रेंचबाबत क्लोद वांदलुआझने दाखवले की निव्वळ भूमिती अपुरी पडते. कोण कोणाला धरून आहे, कोण हलले तर दुसरे हलेल, वस्तू कशासाठी आहे, हेही अर्थात असते. केनी कॉव्हेंट्री आणि सायमन गॅरड यांनी २००४ मध्ये आकार आणि कार्य या दोहोंची सांगड घातली.

मिशेल फाइस्ट आणि डेड्रे गेंटनर यांच्या प्रयोगांत एकाच खोलगट वस्तूला कधी थाळी म्हटले, कधी फरशीचा तुकडा. चित्र तेच, पण नाव बदलले तसा ‘इन’ आणि ‘ऑन’चा वापर बदलला. हात दाखवला की ‘इन’ वाढला, कारण हात धरतो. मराठीत ‘हातावर साखर’ आणि ‘हातात साखर’ यांतला फरक हाच आहे. तळहात उघडा असेल तर ‘वर’, मूठ मिटली तर ‘त’.

कोलकात्याची ट्रामही इथे उदाहरण देते. इंग्रजीत माणूस ट्रामच्या ‘ऑन’ असतो आणि टॅक्सीच्या ‘इन’. दोन्हींत तो आतच बसलेला असतो. मराठीत तो ट्राममध्ये आणि टॅक्सीत असतो. काहींच्या मते मोठ्या वाहनात उभे राहता, चालता येते, त्यामुळे त्याच्या तळाला महत्त्व येते. इतरांच्या मते ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी धावणाऱ्या वाहनालाच ‘ऑन’ लागतो. दोन्ही स्पष्टीकरणांना आधार आहे आणि कोणतेही एक सगळी उदाहरणे पेलत नाही.

भाषा शेजारी ठेवल्यावर

मेलिसा बाउरमन आणि एरिक पेडरसन यांनी १९९२ मध्ये या वादाला वेगळे वळण दिले. ७१ साधी चित्रे दाखवून त्यांनी अनेक भाषांतल्या लोकांना ‘अमुक वस्तू कुठे आहे?’ असे विचारायची पद्धत बसवली. त्यातून एक चढती ओळ तयार झाली : टेबलावर कप, पायाला चिकटवलेली पट्टी, भिंतीवर चित्र, दाराला कडी, फांदीला फळ आणि शेवटी वाडग्यात फळ. इंग्रजी शेवटचे सोडून सगळीकडे ‘ऑन’ म्हणते. स्पॅनिश सर्वत्र ‘एन’ म्हणू शकते. डच मात्र तीन भाग करते. टेकलेल्यासाठी ‘ऑप’, लटकलेल्या किंवा जोडलेल्यासाठी ‘आन’ आणि आतल्यासाठी ‘इन’.

ही ओळ आपल्या भाषेत म्हणून पाहिली की मराठी डचच्या अगदी जवळ जाऊन बसते. कप टेबलावर, कडी दाराला, फळ वाडग्यात. झाडाला आंबे लागतात, पण पक्षी झाडावर बसतो. ‘झाडाला पक्षी’ कोणी म्हणत नाही. अंगात सदरा असतो आणि अंगावर शाल, कारण एकात देह शिरतो आणि दुसरी नुसती पांघरली जाते. पायात चप्पल, गळ्यात माळ, नाकात नथ. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीला बहुधा एका ‘ऑन’वर किंवा ‘इन’वर भागवावे लागते. उलट बंगाली स्पॅनिशकडे झुकते : ‘देयाले’ चित्र, ‘दरजाय’ कडी, ‘गाछे’ फळ, ‘बाटिते’ फळ. नेमकेपणा हवा असेल तेव्हा बंगाली ‘टेबिलेर ओपोर’ म्हणते, पण एरवी सप्तमीच काम करते.

काळाच्या बाबतीतही हेच दिसते. इंग्रजीत सोमवारी, पाच तारखेला आणि वेळेवर या तिन्हींना ‘ऑन’. मराठीत ‘ई’, ‘ला’ आणि ‘वर’ असे तीन वेगळे जोड. बंगालीत ‘सोमबारे’, ‘पाँच तारिखे’, ‘ठिक समये’, तिन्हीकडे ‘ए’.

मोजणी उलटीही करता येते. आपल्या ‘वर’ला इंग्रजीत ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘अबव्ह’ असे निदान तीन शब्द लागतात. ‘दारावर कोण आहे?’ यासाठी ‘अ‍ॅट’ आणि ‘आल्यावर सांगतो’ यासाठी ‘आफ्टर’. माझ्यावर रागावलेल्या माणसाला इंग्रजीत ‘विथ’ लागते आणि माझ्यावरच्या विश्वासाला ‘इन’. तेव्हा ‘ऑन’चे अर्थ अनेक आणि ‘वर’चा एक, किंवा याच्या उलट, हे म्हणणे पाहणारा कोणत्या भाषेत उभा आहे यावर ठरते.

म्हणजे सर्व मानवजातीला समान अशा मूळ कल्पना नाहीतच का? स्टीफन लेव्हिन्सन आणि सेर्जिओ मीरा यांनी २००३ मध्ये परस्परांशी नाते नसलेल्या नऊ भाषा तपासल्या. सीमारेषा सगळीकडे सारख्या नसल्या तरी काही चित्रे पुन्हा पुन्हा एकत्र येतात, असे त्यांना आढळले. गेंटनर आणि बाउरमन यांनी २००९ मध्ये डच आणि इंग्रज मुलांची तुलना केली. डच मुलांना ‘आन’ उशिरा जमतो आणि तोवर ती त्याच्या जागी ‘ऑप’ वापरतात. जी विभागणी जगातल्या भाषांत विरळ, ती शिकायला अवघड, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मराठी मूल ‘ला’ आणि ‘वर’ यांतला भेद कोणत्या वयात पकडते, हे याच पद्धतीने पुण्यात, नागपुरात आणि घरात मराठी, बाहेर बंगाली ऐकणाऱ्या कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांतही पाहता येईल.

यंत्रांच्या कामातून

संगणकीय भाषांतराने या प्रश्नाला व्यवहाराची निकड आणली. १९९५ मध्ये अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारकांवर, म्हणजे क्रियेशी असलेल्या नामांच्या नात्यांवर, आधारित भाषाप्रक्रियेची मांडणी पुस्तकरूपात केली. २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ३४ इंग्रजी शब्दयोगींचे अर्थ यंत्राला ओळखायला दिले गेले. २०१८ मध्ये नेथन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी सर्व शब्दयोगींसाठी मिळून ५० अर्थवर्गांची योजना मांडली आणि पुढे ती हिंदीलाही लावून पाहिली गेली. या योजनेत एक महत्त्वाचे पाऊल आहे. शब्दयोगीचा स्वतःचा अर्थ आणि वाक्यातल्या प्रसंगात त्याने बजावलेली भूमिका यांची नोंद ती वेगवेगळी करते. द्योतक आणि वाचक, दोन्ही पक्षांना तिथे जागा मिळते.

काय सुटलेले नाही

पहिला अनुत्तरित प्रश्न मनाचा आहे. भाषाशास्त्रज्ञाने कागदावर काढलेले जाळे बोलणाऱ्याच्या डोक्यात असते का? डोमिनिक सांड्रा आणि सॅली राइस यांनी १९९५ मध्ये नेमके हेच विचारले. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅट’, ‘इन’, ‘ऑन’वरच्या त्यांच्या प्रयोगांत बोलणारे अर्थांत भेद करतात हे दिसले, पण तो भेद किती बारीक, यावर पुरावा निर्णायक नव्हता. पुढच्या कामात त्यांना असेही जाणवले की स्थळाचा ‘ऑन’ आणि काळाचा ‘ऑन’ बोलणाऱ्याच्या मनात बऱ्यापैकी वेगळे राहतात. काळ हा स्थळावरून घेतलेला, या सर्वमान्य धारणेला त्यामुळे धक्का बसतो.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. आपण ‘रजेवर’, ‘फोनवर’ म्हणतो. त्यातले किती ‘वर’ मराठीच्या स्वतःच्या वाढीतून आले आणि किती इंग्रजीच्या सहवासातून? ‘मोहिमेवर’, ‘कामावर’ हे उपयोग आपल्याकडे रुजलेले आहेत, त्यामुळे नव्यांना जागा तयार होती. पण प्रत्येक उपयोगाचा माग काढणे हे कोशकारांचे आणि भाषासंग्रहांच्या अभ्यासकांचे काम अजून उरले आहे.

तिसरा प्रश्न शिकवण्याचा. भाषांतर पाठमालांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘ऑन म्हणजे वर’ असे शिकवले. त्याला पर्याय म्हणून अर्थांचे जाळे शिकवावे, की उदाहरणांच्या जोड्या पाठ करून घ्याव्यात, की कार्य समजावून सांगावे, यावर शिक्षकांत एकमत नाही.

निष्कर्ष

तिन्ही भूमिका शेजारी ठेवल्यावर एवढे म्हणता येते. ‘ऑन’चे अर्थ किती, याचे एकच खरे उत्तर नाही, कारण प्रत्येक पक्ष वेगळी गोष्ट मोजतो. जाळेवादी उपयोगांचे दुवे मोजतात, एकार्थवादी शब्दाचा स्वतःचा वाटा मोजतात, कार्यवादी वस्तूंचे परस्परांशी नाते मोजतात. तिन्ही मोजण्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. आजवरचा पुरावा इतपत भक्कम आहे की या शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात शोधून सापडत नाही. तो दोन वस्तूंच्या जोडीत आणि त्यांच्यातल्या धरण्या-टेकण्यात शोधावा लागतो.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी ‘ऑन म्हणजे वर’ हे समीकरण सोडून मुलांपुढे वस्तू ठेवाव्यात : कप आणि टेबल, पंखा आणि छत, अंगठी आणि बोट. आपल्या मुलांना ‘वर’, ‘ला’ आणि ‘त’ यांतला फरक आधीच येतो. इंग्रजी शिकताना त्यांनी तो फरक विसरू नये, तर तोच पायरी म्हणून वापरावा.